चरबीचा डबा

मटणाची आळणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की सकाळी तिच्यावर पांढरा कडक थर धरलेला असतो. बऱ्याच घरांत तो चमच्याने उचलून थेट बेसिनमध्ये टाकतात. मला ते बघवत नाही. गोडेतेल महागलं म्हणून कुरकुर करायची आणि फोडणीचा आयता ऐवज नळाखाली सोडायचा, हा हिशेब मला पटत नाही.

आम्ही कोल्हापूरचे, तेव्हा आमच्याकडे मटणाची गोष्ट आळणीपासूनच सुरू होते. मीठ-हळद लावलेलं मटण शिजलं की त्या पाण्याचे तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से होतात. रश्श्यावर हवा तेवढाच तवंग ठेवावा आणि वरचा काढून घ्यावा. खाटीक विचारतो, "वहिनी, चरबी काढू का?" मी म्हणते, "काढा, पण वेगळ्या पिशवीत द्या."

कच्च्या चरबीचे बारीक तुकडे करायचे, जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवायचे. पाणी असेतो चरबी करपत नाही, सावकाश सुटत राहते. आधी सगळं गढूळ दिसतं, चुरचुर आवाज येत असतो. पाणी आटलं की आवाज बसतो, चरबी नितळ होते, तुकडे तांबूस होऊन तळाला जातात. इथे घाई करू नये; आच वाढवली की जो उग्र वास सुटतो तो घरभर दोन दिवस राहतो. कोमट झाल्यावर फडक्यातून गाळून कोरड्या स्टीलच्या डब्यात भरायची. पाण्याचा थेंब किंवा मांसाचा कण राहिला तर ती लवकर बिघडते. नीट गाळलेली चरबी फ्रिजमध्ये महिनाभर सहज टिकते. रश्श्यावरून काढलेला लाल कट मात्र दोन-तीन दिवसांत संपवावा, कारण त्यात कांदा-खोबऱ्याचा अंश असतो.

गाळणीत उरलेले तुकडे डब्यापर्यंत पोचतच नाहीत. कांदा-लसूण चटणी भुरभुरून गरम भाकरीबरोबर ते स्वयंपाकघरातच संपतात.

कुठली चरबी कशाला वापरायची हे ती किती उष्णतेला वितळते यावर ठरतं. बकऱ्या-मेंढ्याची चरबी वितळायला साधारण ४५ अंश लागतात आणि आपल्या तोंडातली ऊब ३७ च्या आसपास. म्हणून गार मटण खाल्लं की टाळूला मेण लागल्यासारखं वाटतं. तेव्हा ही चरबी वाफाळत्या पदार्थांनाच घालावी. अख्ख्या मसुराला तिच्यात कांदा, लसूण आणि चटणीची फोडणी द्या. तिखटाचा रंग स्निग्धात उतरतो, त्यामुळे तर्री झकास येते. कोरड्या खिम्यालाही चमचाभर पुरते. कोंबडीची चरबी बरीच मऊ, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पातळच राहते. तिच्यात बटाट्याच्या काचऱ्या परताव्यात. डुकराची चरबी या दोन्हींच्या मधली. गोव्यात चोरिस तव्यावर टाकताना वेगळं तेल लागत नाही; त्याच्याच सुटलेल्या लाल चरबीत कांदा आणि तांदूळ परतून पुलाव होतो.

हल्ली याला ‘काहीच वाया न घालवणं’ म्हणून मिरवतात. मिरवणाऱ्यांनी शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ वाचावं. २०१५ साली आलेल्या या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद आहे. मांस वाळवून चान्या करणाऱ्या त्या घरांत जनावराचा कुठलाही भाग टाकायची चैन नव्हती.

प्रकृतीचं म्हणाल तर एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, तेलातही तेवढ्याच. पण मटणाच्या चरबीतला निम्म्याच्या आसपास भाग संपृक्त असतो, म्हणून ती तेलाच्या जागी घालावी, तेलावर आणखी नव्हे. माझं प्रमाण चौघांच्या कालवणाला एक चमचा. डॉक्टरांनी पथ्य सांगितलेल्यांनी या फंदात पडू नये.

आणि नाही वापरायची, तर निदान बेसिनमध्ये ओतू नका. वरून कढत पाणी सोडलं तरी चरबी पुढे जाऊन थिजतेच. सांडपाण्यातल्या कॅल्शियमशी तिचा संयोग होऊन साबणासारखे घट्ट गोळे बनतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असा २५० मीटर लांबीचा आणि सुमारे १३० टनांचा गोळा सापडला. त्याचा तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात ठेवला होता! कढई जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग घासावी, एवढं तर जमतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या बायका तव्यातली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन देत. तिच्यातलं ग्लिसरीन स्फोटकांना लागे. साबणही त्याच चरबीचा होतो, पण कॉस्टिक सोडा हातावर उडाला तर कातडी जळते. तो खटाटोप मी घरी करत नाही.

चरबी खवट झाली की मात्र जीव गुंतवू नका, टाकून द्या. शाकाहारी पाहुण्यांच्या भाजीला ती कढई घेऊ नका. डब्यावर नावही हवंच: थंडीत ही आणि खोबरेल शेजारी ठेवली तर दोन्ही सारखीच पांढरी दिसतात, म्हणून माझ्या डब्यावर मार्करने ठळक ‘बकरं’ लिहिलेलं आहे.