घरचा कॉम्प्युटर : घेताना, वापरताना, बिघडल्यावर

दहावीचा निकाल लागला की शाळेत पालकांची ये-जा वाढते आणि एक प्रश्न हमखास येतो, "सर, मुलीला कॉम्प्युटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" आम्ही आधी विचारतो, रोखीने घेणार की हप्त्याने? कारण बऱ्याच जणांच्या खिशात 'बिनव्याजी हप्त्या'ची जाहिरात असते. अशा बहुतेक योजनांत बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम सवलत म्हणून आधी वजा दाखवतात, आणि प्रोसेसिंग फी व व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी येतो. हा व्यवहार सुदात मोडतो की नाही ते उलेमांना विचारावे. आमचे म्हणणे एवढेच की त्याच वस्तूची रोखीची किंमत आधी विचारा.

शिवाय अभ्यास, ऑनलाईन फॉर्म आणि थोडेफार टायपिंग यांसाठी नवा कोरा कॉम्प्युटर लागतोच असे नाही. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले डेस्कटॉप साफसूफ होऊन बाजारात येतात, त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. ते नव्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात आणि चांगले चालतात. मात्र इथेच फसगत होते. दुकानदार "आय-५ आहे" एवढेच सांगतो. आय-५ तर पंधरा वर्षांपूर्वीही होता! त्यापुढचा आकडा बघा. ६५०० असेल तर प्रोसेसर सहाव्या पिढीचा, ८५०० असेल तर आठव्या, १०४०० असेल तर दहाव्या पिढीचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे कॉम्प्युटर आज स्वस्तात दिसतात. कुणी जुगाड करून त्यांवर विंडोज ११ घालून देतो, पण पुढचे अपडेट नीट मिळतील याची हमी नसते. असा जुना कॉम्प्युटर घरात असेलच तर लिनक्स मिंट घालावे. ते मोफत आहे, आणि फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या विंडोजपेक्षा मनालाही बरे.

दुकानातच मशीन सुरू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी ८ जीबी आणि डिस्कपुढे 'एसएसडी' दिसले पाहिजे. तिथे 'एचडीडी' असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, मशीन रखडणार. घरचा जुना कॉम्प्युटर सुस्तावला असेल तेव्हाही नवा घेण्याआधी एसएसडी बसवून बघा. फरक लगेच कळतो.

आखातातून भाऊ, मेव्हणे लॅपटॉप आणतात. त्याच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर आपल्याकडे चालतो, पण त्या चपट्या तीन पिना आपल्या बोर्डात कोंबू नका, अडॅप्टर घ्या. वॉरंटी इथे लागू होते का, हे तिथेच विचारून घ्यायला सांगा.

घरी आणल्यावर आधी अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा घरातल्या वायरिंगचा असतो, वायरमनला बोलवा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लाईट गेल्यावर काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळाला तरी पुरे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. सुट्टीत गावी जाऊन कॉम्प्युटर महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, दमट हवेत आत गंज धरतो.

बिघाडांपैकी निम्मे तरी घरी निघतात. कॉम्प्युटर चालू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? आधी मॉनिटरची वायर घट्ट करा. तरी नाहीच, तर प्लग काढून चालूचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज जाते. मग कॅबिनेट उघडून रॅमची पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडेवर पांढरे खोडरबर हलके फिरवा आणि 'टक्‌' आवाज येईपर्यंत परत बसवा. धूळ ब्रशने काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. तारीख सारखी मागे जाते आणि प्रत्येक वेबसाईट असुरक्षित दाखवते? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला. 'सीआर २०३२' नावाने मागा, किरकोळ किमतीत मिळतो. लॅपटॉप मात्र घरी उघडू नका. आणि पॉवर सप्लायचा डबा कुणीच उघडू नये, बंद असतानाही त्यात वीज साठलेली असते.

दुरुस्तीला देताना एक प्रश्न येतो, "फॉरमॅट करू ना?" आमचा कॉम्प्युटर रखडू लागला तेव्हा आम्हालाही विचारले. आम्ही सहज हो म्हणालो. त्याने डी ड्राईव्ह जपला, सी ड्राईव्ह पुसला. चूक त्याची नव्हती. डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे सी ड्राईव्हमध्येच असते, हे आम्हाला माहीत नव्हते. तिथे अब्बांच्या तिलावतीच्या फाईली होत्या. कॅसेटवरून दोन उन्हाळी सुट्ट्यांत उतरवलेल्या, आणि कॅसेटींना बुरशी लागल्याने त्या आम्ही टाकूनही दिल्या होत्या.

फाईल चुकून पुसली गेली तर कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद करावा, त्यावर काही नवे घालू नये. हार्ड डिस्कवरून ती परत मिळण्याची आशा असते, एसएसडीवरून फारच कमी. हे आम्हाला नंतर कळले. तोवर नव्या विंडोजवर महिनाभर काम झाले होते.

आता दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला धाकटी मुलगी सगळ्या फाईली वेगळ्या डिस्कवर उतरवते आणि लगेच वायर काढते, कारण जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोहोचतो. अब्बांच्या आवाजाचा पावणेदोन मिनिटांचा एक तुकडा बहिणीच्या जुन्या फोनवर सापडला. तो आता कॉम्प्युटरमध्ये आहे, कपाटातल्या डिस्कवर आहे, आणि बहिणीच्या घरी एका पेन ड्राईव्हवरही.