खुला व्यापार आणि कामगार

पोखर्णी हे परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. नृसिंहाच्या देवस्थानामुळे ते मराठवाड्यात सर्वांच्या ओळखीचे आहे. भोवती काळीभोर जमीन, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तिच्यावर फुटलेला पांढराशुभ्र कापूस. २०२५ च्या दिवाळीत देवळाच्या पायऱ्यांवर एका शेतकऱ्याने मला विचारले, "सर, परदेशी कापसावरची जकात उठली म्हणतात. जकात सरकारची, कापूस परक्याचा. मग आपल्या भावाला धक्का का?" शेजारी वेचणीला जाणाऱ्या एक बाई होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "अन् भाव पडला की किलोमागची मजुरी आमचीच कापतात."

प्रश्न दोन होते. मी अर्थशास्त्र शिकवतो, तरी दुसऱ्या प्रश्नाने मला जरा थांबवले.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. २०२१ च्या अंदाजपत्रकात परदेशी कापसावर सर्व मिळून ११ टक्के जकात बसली. म्हणजे शंभर रुपयांची परदेशी रुई बंदरावर उतरली की गिरणीला एकशे अकराला पडे. मग आपल्या रुईला एकशे नऊ, एकशे दहा द्यायला गिरणी तयार होई. १९ ऑगस्ट २०२५ पासून ही जकात माफ झाली, आणि पुढे ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे आपल्या वेचणीचा ऐन हंगाम तिच्यात आला. त्या मुदतीत परकी रुई शंभरालाच मिळत असताना आपल्या रुईला एकशे दहा कोण देणार होते? मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलमागे ७,७१० रुपये ठरला होता. पण हमीभाव कागदावर असतो आणि भाव बाजारात ठरतो, हे शेतकऱ्याला का सांगायला हवे?

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र थोडे मागे, मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल. कारण आपल्याकडे खुल्या व्यापाराची झळ कामगाराने पहिल्यांदा सोसली ती कापडातच.

लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या आग्रहामुळे १८८२ साली हिंदुस्थान सरकारने विलायती कापडावरची जकात काढून टाकली. पुढे तिजोरीत तूट आली, म्हणून १८९४ मध्ये ५ टक्के जकात पुन्हा बसली. लँकेशायरने ओरड केली. तेव्हा १८९६ मध्ये आयात जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि तेवढीच, साडेतीन टक्के, अबकारी जकात आपल्या गिरण्यांच्या कापडावर लादली! आपल्याच देशात विणलेल्या कापडाला आपल्याच देशात जकात, आणि तीही परक्या मालाला जड जाऊ नये म्हणून. याला नाव होते खुला व्यापार.

आता मौज पहा. १९२५ साली धंदा मंद झाला. एकीकडे जपानी माल, दुसरीकडे ही अबकारी, अशी तक्रार करीत मुंबईच्या गिरणीमालकांनी तोड काढली ती कोणती? मजुरीत साडेअकरा टक्के कपात! सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेतो गिरण्या बंद राहिल्या. शेवटी डिसेंबरच्या आरंभी सरकारने अबकारी जकात तहकूब केली, आणि मालकांनी कपात मागे घेतली. पुढल्या वर्षी ती जकात कायमची गेली. सभांनी आणि अर्जविनंत्यांनी तीस वर्षे जे झाले नव्हते, ते होण्याला अडीच महिने उपाशी राहिलेल्या कामगारांचा मोठाच हातभार लागला.

पण गोष्ट इथे संपत नाही. मालकांच्या मार्गातला तो अडथळा दूर झाला. कामगाराला काय मिळाले? तीनच वर्षांत मालकांनी 'सुधारणा' काढली: दोन साच्यांवरच्या विणकराने तीन साचे सांभाळावेत. म्हणजे काम वाढले आणि माणसे कमी झाली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पुन्हा संप झाला, आणि त्या संपातच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९२९ च्या मार्चमध्ये डांगे, मिरजकर आदी पुढाऱ्यांना पकडून मीरतच्या खटल्यात गोवण्यात आले. यातला बोध सरळ आहे. परका माल अडवला म्हणजे फायदा धंद्याला होतो; तो मजुरापर्यंत आपसूक झिरपत नाही. तो संघटनेनेच ओढून आणावा लागतो.

मग परका कामगार आपला शत्रू का? १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू हा गिरणीकामगार परदेशी कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली चिरडला गेला. महाळुंगे पडवळचा हा मुलगा अवघ्या बाविशीचा होता. त्यानंतर वर्षाच्या आत, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लँकेशायरात डार्वेनला गेले. तिथल्या कित्येक गिरण्या बंद होत्या, आणि त्याला आपला बहिष्कारही काही अंशी कारण होता. तरीही तिथल्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. भुकेची भाषा दोन्हीकडे एकच होती.

आजचा व्यवहार याहून निराळा नाही. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. खुलेपणाचा उपदेश करणारी अमेरिका आपल्या कापूस-उत्पादकांना अनुदाने देत होती; ब्राझीलने त्याविरुद्ध दाद मागितली आणि २००५ मध्ये अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. ३० नोव्हेंबर १९९९ रोजी सिअ‍ॅटलला या संघटनेची परिषद भरली, तेव्हा अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी काम बंद ठेवले. आपल्याकडे १३ ऑगस्ट २०२५ रोजी संयुक्त किसान मोर्चा आणि केंद्रीय कामगार संघटनांनी 'कॉर्पोरेशन्स, भारत छोडो' अशी हाक दिली.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के जकात बसवली. तिरुपूरच्या शिलाई कामगारावर बेकारीचे सावट आले. रुई स्वस्त मिळाली तर त्याचे काम टिकेल, हे म्हणणे खोटे नाही. पण तेवढ्यासाठी पोखर्णीच्या शेतकऱ्याने भाव सोडावा आणि वेचणाऱ्या बाईने मजुरी सोडावी, असा हिशेब मांडला जातो, तेव्हा त्यात एक आकडा नेहमी गाळलेला असतो: मधल्या व्यापारी कंपन्यांचा नफा. कामगार चळवळीचे भांडण व्यापाराशी नाही. या गाळलेल्या आकड्याशी आहे. मालाला सीमा नाही, भांडवलाला सीमा नाही; तोटा मात्र दर वेळी मजुराच्या दारात येऊन थांबतो.

शेतकऱ्याला मी जकातीचा हिशेब समजावून सांगितला. तो त्याला पटला. बाईंना म्हटले, "जकात परत बसली, तरी तुमची मजुरी आपोआप वाढणार नाही. साऱ्या वेचणाऱ्यांनी मिळून एक दर ठरवावा लागेल." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते आम्हांला ठाऊक हाय, सर. पण पहिल्या दिवशी कामावर कोण जाणार नाही, ते सांगा."

१९२५ साली गिरणगावानेही स्वतःला हाच प्रश्न विचारला असेल.