लिंबाची आंबटगोड मेजवानी

बदलीच्या निमित्ताने मुंबईहून बंगळुरूला जावे, जयनगरमध्ये घर लावावे आणि मुलीच्या वाढदिवसाला हौसेने केक करावा. ओव्हनमध्ये टम्म फुगलेला केक बाहेर काढताच मधोमध खचतो! माप तेच, हातही तोच. मग चुकले कुठे?

चूक हाताची नाही, जागेची आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने मिश्रणातला वायू जास्त पसरतो. केक आतून शिजून घट्ट होण्याआधीच भराभर फुगतो आणि मग बसतो. उपाय अगदी साधा आहे. मुंबईत सव्वा चमचा बेकिंग पावडर लागत असेल, तर इथे १ चमचाच घ्या.

घरात सासूबाई अंडे खात नसतील तरी काळजी नको. बंगळुरूच्या अय्यंगार बेकऱ्या बिनअंड्याच्या केकसाठी प्रसिद्ध आहेत. जयनगरजवळच्या विश्वेश्वरपुरममधील व्ही. बी. बेकरी तर १९५३ पासूनची. अंड्याचे काम दही आणि सोडा मिळून करू शकतात. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकच्या बाजारात जाऊन ‘निंबे हण्णु’ मागा आणि कामाला लागा. लिंबे पातळ सालीची, पिवळी आणि हाताला जड लागणारी निवडा.

लिंबाचे थंड पुडिंग (ओव्हनशिवाय)

साहित्य : १५० ग्रॅम मारी बिस्किटे, ७५ ग्रॅम वितळलेले लोणी, ४०० ग्रॅम कन्डेन्स्ड मिल्क, २०० ग्रॅम फ्रेश क्रीम, ५-६ लिंबांचा रस (सुमारे १०० मि.लि.).

कृती : बिस्किटांचा चुरा करून लोण्यात कालवावा व काचेच्या भांड्याच्या तळाशी दाबून बसवावा. कन्डेन्स्ड मिल्क व क्रीम एकत्र करून त्यात लिंबाचा रस थोडा थोडा घालत ढवळावे. लिंबाच्या आम्लाने दुधातली प्रथिने आवळतात आणि मिश्रण आपोआप दाट होते. ते चुऱ्यावर ओतून ४-५ तास फ्रिजमध्ये ठेवावे. ही कृती मुलांच्या हातूनही सहज होते.

दही-लिंबाचा केक

साहित्य : दीड कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, १ कप ताजे दही, अर्धा कप तेल, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, २ लिंबांची किसलेली साल, १ मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ.

कृती : ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवावा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा व मीठ दोनदा चाळून घ्यावे. लिंबाची साल साखरेत बोटांनी चोळावी, म्हणजे सालीतले सुगंधी तेल साखरेत उतरते. त्यात दही, तेल व रस घालून फेटावे. शेवटी मैदा घालून हलक्या हाताने, गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. मिश्रण लगेच तूप लावलेल्या भांड्यात ओतून ३५-४० मिनिटे भाजावे. टूथपिक खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला.

केक गरम असतानाच टूथपिकने भोके पाडून २ मोठे चमचे लिंबाचा रस व ३ मोठे चमचे पिठीसाखर यांचे मिश्रण वरून सोडावे. केक मध्ये थोडा खचला असला तरी तो रस तिथेच मुरतो आणि तेवढी फोड सर्वांत चविष्ट लागते!

एवढे लक्षात ठेवा

* साल किसताना फक्त पिवळा भाग घ्यावा. आतला पांढरा भाग कडू असतो.
* सोड्याला आंबट लागताच बुडबुडे येऊ लागतात. मिश्रण तयार करून ठेवून फोनवर गप्पा मारत बसू नये.
* पहिली २५ मिनिटे ओव्हनचे दार उघडू नये.
* लिंबाचे मिश्रण अॅल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नये. काच किंवा स्टील वापरावे.

पहिला केक जमला, की एक फोड शेजारच्या कन्नड घरी जरूर द्या. भाषा अजून जमत नसली तरी बिघडत नाही. डबा परत येईल तेव्हा तो रिकामा नक्कीच नसेल.