दोरी, सरगाठ आणि सशाची वाट

रानात वाट चुकली तर खायचे काय, हा प्रश्न राजमाचीच्या किंवा पेबच्या वाटेला लागणाऱ्या शहरी तरुणाला हमखास पडतो. मग फास लावून ससा कसा धरावा, हे त्याला शिकायचे असते. खरे तर वाट चुकलेल्याला आधी पाणी हवे, आडोसा हवा. अन्नावाचून माणूस दिवसचे दिवस काढतो. आणि लावलेले बहुतेक फास सकाळी रिकामेच सापडतात.

ही विद्या ज्यांना पोटासाठी लागली, ते कर्जत-खालापूरचे कातकरी आणि ठाकर. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगले सरकारी झाली, कात गेला, नाव उरले. भातकापणी आटोपली की वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. आषाढ-श्रावणात घरात दाणा नसे. बँकेत असताना शेतीकर्जाच्या कामासाठी मी या वाड्यांवर हिंडत असे. तिथे एका म्हाताऱ्याने मला फास दाखवला होता.

साधन काय, तर एक दोरी आणि सरगाठ. ससा रोज त्याच वाटेने जातो-येतो. गवतात ती बोगद्यासारखी दिसते. तिथे त्याचे डोके जाईल एवढा फास, जमिनीपासून चार बोटे वर. दोरीचे दुसरे टोक वाकवलेल्या फांदीला. धक्का लागला की खुंटी सुटते, फांदी उसळते. तित्तर-लाव्यांसाठी मात्र ओळीने खुंट्या ठोकून बारीक फास लावायचे. फासेपारध्यांचे नावही याच कसबावरून पडले.

“दोरी कोनीबी वळील, सायेब. वाट दिसाया पायजे,” म्हातारा म्हणाला. लेंडी ताजी की शिळी, गवत कुठे दबले आहे, हे तो चालता चालता वाचत होता. मी जन्मभर तारण ओळखत आलो; मला तिथे नुसते गवत दिसत होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे गुन्हा ठरवले. शिकारीच्या व्याख्येत फास लावणेही येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, कंद, मासे यांवर हक्क दिले, शिकारीवर दिला नाही. मला ते योग्यच वाटते. फास पारख करीत नाही. शिवाय दोरीच्या जागी आता मोटारसायकलची क्लच वायर आली आहे, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. दोरी पावसात कुजायची. विसरलेली तार तशीच दबा धरून बसते. तरीही डोंगरउतार फार्महाऊसच्या कुंपणांत गेलेले असताना सशामागचा उपाशी माणूसच तेवढा गुन्हेगार दिसावा, हे मला पटत नाही.

फास सुटला तरी बाकीची विद्या वाड्यांवर आहे. पहिल्या पावसात वलगणीचे मासे, रात्री उजेडात चिंबोऱ्या. भात कापले की बांधातली उंदरांची बिळे. उंदीर मिळतो आणि त्याने साठवलेल्या लोंब्याही. एका तोंडाशी धूर करायचा, दुसरे मोकळे ठेवायचे, आणि तिथे बसवायला वाडीतले सर्वांत चपळ पोर निवडायचे.