४के घ्यायचा? आधी टेप काढा

कारंजा लाडात नवा टीव्ही घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: दुकानात जाण्याआधी सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. दुकानात आपण पडद्याला नाक लावून बघतो, घरी तसं बसत नाही. चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा कळतो. त्या हिशोबाने ५५ इंची फुल एचडीचे ठिपके ७ फुटांपलीकडे एकमेकांत मिसळतात. ७५ इंचीला ही हद्द १० फुटांजवळ जाते. म्हणून जुन्या वाड्यातल्या लांब बैठकीत १२ फुटांवरून ५५ इंची बघायचा असेल, तर ४केचे ८३ लाख ठिपके डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. ८केचा तर विचारही नको.

शिवाय सिग्नल बघा. फ्री डिशच्या एसडी वाहिन्यांना ५७६च रेषा असतात, मोठ्या पडद्यावर त्या आणखी धूसर दिसतात. नेटफ्लिक्सला ४केसाठी १५ एमबीपीएस वेग लागतो.

मी तरी पैसे चांगल्या एचडीआर पॅनेलवर आणि साउंडबारवर घालीन. गडद प्रसंगातला काळा रंग खरोखर काळा दिसणं, संवाद स्वच्छ ऐकू येणं, हा फरक १२ फुटांवरूनही जाणवतो. आणि हो, सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.