लेकराला घरात कोंडू नका! सेरेब्रल पाल्सी म्हणजे नेमकं काय?

गावात असं लेकरू असलं की लोक म्हणतात, 'याला वारं गेलंय', 'मागच्या जन्माचं भोग आहे'. मग ते पोर ओट्यावरही दिसत नाही. पण हा आजार शाप नाही, आणि संसर्गाने पसरतही नाही.

होतं काय?
जन्माआधी, बाळंतपणात किंवा जन्मानंतर लवकरच बाळाच्या मेंदूला इजा होते. त्यामुळे हातपाय ताठ होतात, तोल जातो, बोलणं अडखळतं. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. मात्र व्यायाम मिळाला नाही तर सांधे आखडत जातात. बोलता येत नाही म्हणजे अक्कल नाही, असं समजू नका. कित्येकांची बुद्धी चांगली तल्लख असते.

एका बोटाने पुस्तक
मुंबईच्या मालिनी चिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. लंडनला जाऊन त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. मुंबईत पुस्तकांच्या दुकानात कार्यक्रमांचं काम सांभाळलं. एका बोटाने टाइप करून स्वतःची कहाणी लिहिली. 'वन लिटल फिंगर' हे त्यांचं पुस्तक २०१० साली आलं.

व्हीलचेअरवरचा माणूस कड्यावर
त्याच वर्षी अमेरिकेत स्टीफन वॅम्पलर यांनी योसेमिटी खोऱ्यातला एल कॅपिटन कडा सर केला. सुमारे ९०० मीटर उंच, उभा ग्रॅनाइट. वॅम्पलर व्हीलचेअर वापरतात. त्यांच्यासाठी खास खुर्ची बनवली होती. सोबत्यांनी दोर लावून द्यायचे आणि यांनी हाताने स्वतःला वर ओढायचं. एका ओढीत जेमतेम काही इंच. अशा हजारो ओढी, सहा दिवस. रात्री कड्यावरच मुक्काम.

लहानपणी ते अपंग मुलांच्या शिबिराला डोंगरात जायचे. पुढे पर्यावरण अभियांत्रिकी शिकले आणि अशाच मुलांना रानात नेणारी संस्था काढली. कड्यावर चढले तेही त्या मुलांसाठीच. लहानपणी बाहेर पडायला मिळालं, म्हणून हे जमलं.

आपण काय करायचं?
- चार-पाच महिने झाले तरी बाळ मान धरत नाही, नऊ महिन्यांनी आधाराशिवाय बसत नाही, अंग ताठ किंवा एकदम सैल लागतं, तर वाट बघू नका. आशाताई किंवा अंगणवाडीत सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात अशा बालकांसाठी डीईआयसी केंद्र असतं.
- फिजिओथेरपी जितकी लवकर तितकी बरी. तिथे शिकवलेला व्यायाम घरी रोज करून घ्या.
- अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकरीत अपंगांना ४ टक्के राखीव जागा आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सीही येते.

आणि यात्रेला, शेतावर, लग्नाला जाताना त्या लेकरालाही सोबत न्या. त्याला पैसे लागत नाहीत.