रात्री चारदा उठणं अंगवळणी पाडू नका

साठी उलटलेले अनेक गृहस्थ लग्नाला गेले की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवतात. एसटीचा प्रवास असला की सकाळपासून पाणी टाळतात. रात्री तीन-चारदा उठतात, धार लागेपर्यंत ताटकळतात, अंथरुणावर पाठ टेकली की पुन्हा जावंसं वाटतं. बायकोने विचारलं तर ‘वय झालं आता’ म्हणून विषय संपवतात. या संकोचापायी उपचार होण्याजोगा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.

मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण 20 ग्रॅमची असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते आणि लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने चाळिशीनंतर ती वाढू लागते आणि नळी दाबली जाऊन असा त्रास होऊ शकतो. पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड 2’ वाचून अनेकांची झोप उडते. मात्र ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हा आकडा डॉक्टरांना जास्त सांगून जातो. त्रास मोजायला सात प्रश्नांची, 35 गुणांची प्रश्नावली असते. सातपर्यंत गुण म्हणजे सौम्य, वीस आणि त्यापुढे तीव्र.

ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचं कर्करोगात रूपांतरही होत नाही. पण दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून पीएसए ही रक्ततपासणी करायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पीएसए साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही चढतो, तेव्हा एका आकड्यावरून घाबरू नये.

टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी स्नायू सैलावतात आणि काही दिवसांतच धार सुधारते. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते. वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं, त्याने अपाय होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू असल्याचं नेत्रतज्ज्ञांना आधी सांगाच. फिनास्टेराइड ग्रंथी आक्रसवतं, पण गुण यायला सहा महिने लागतात. त्याने पीएसएही साधारण निम्मा होतो आणि काहींची कामेच्छा मंदावते. गोळ्यांनी भागलं नाही तर पोटावर चिरा न देता दुर्बिणीतून किंवा लेसरने शस्त्रक्रिया होते. तिच्यानंतर ताठरता सहसा टिकते, वीर्य मात्र बहुधा बाहेर येत नाही. हे आधी विचारून घ्यायला लाजू नका.

ताठरतेची तक्रार तर त्याहून दडवली जाते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे त्यांचा दोष आधी जाणवतो, हृदयाचा काही वर्षांनी. अशा पुरुषाने साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यायलाच हवं. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने मित्राच्या सांगण्यावरून ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं.

दवाखान्यात जाण्यापूर्वी तीन दिवस एका वहीत लिहून ठेवा: पाणी-चहा किती प्यायलात, लघवीला केव्हा आणि किती झाली, रात्री कितीदा उठलात. कारण दरवेळी प्रोस्टेटच असतं असं नाही. वाढलेली साखर किंवा संध्याकाळचा चहाही असू शकतो. चालू औषधंही सांगा. सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये लघवी पूर्ण तुंबू शकते. तसं झालं तर तातडीने रुग्णालय गाठा, नळी घालून मूत्राशय मोकळं करावं लागतं. लघवीतून रक्त एकदाच गेलं, दुखलं नाही, तरी थांबू नका. त्याच आठवड्यात युरोलॉजिस्टना दाखवा.